तिसऱ्या महिन्यातला आरसा

प्रिय मुला,

तुझं पत्र वाचलं. 'जन्मापासून दुभंगलेला ओठ चोविसाव्या वर्षी शिवून घेतला तरी वण राहणारच, मग कशाला?' वण राहतो, बाबा. माझाही आहे. पण फट जाऊन तिथे रेघ येते, आणि तो फरक केवढा असतो ते मी सत्ताविसाव्या वर्षी अनुभवलंय.

आधी आईचं बघ. ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असं झालं, हे ती अजून मनात धरून आहे ना? वरचा ओठ जुळतो तो गरोदरपणाच्या साधारण 4 ते 7 आठवड्यांत. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचाही पत्ता नसतो. तिचा काही दोष नाही, हे तुझ्या तोंडून तिला ऐकू दे.

तान्ह्या बाळाला पूर्ण भूल द्यावी लागते. मोठ्या माणसाचं बऱ्याचदा तेवढी जागा बधिर करूनही होतं. माझं तसंच झालं. इंजेक्शनने ओठ फुगण्याआधी डॉक्टरांनी निळ्या शाईचे बारीक ठिपके दिले. ओठाचा लाल भाग जिथे संपतो तिथे वर एक फिकट, किंचित उठलेली कड असते, तिरप्या उजेडात आरशात बघ. दोन्हीकडची ती कड तंतोतंत जुळावी लागते; 1 मिलिमीटर चुकली तरी समोरच्याला दिसते. शिवाय नुसती कातडी शिवून भागत नाही. ओठाचा स्नायू फटीपाशी नाकपुडीकडे वळलेला असतो, तो सोडवून आडवा जोडतात. म्हणून हेच काम नेहमी करणारा प्लास्टिक सर्जनच गाठ. नाकपुडी नीट करायचं काम त्याच वेळी करायचं की नंतर, तेही विचार.

दिवस पावसाळ्याचे धर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, ऊन नाही. ताज्या वणाला दर्यावरचं ऊन लागलं की तो काळा पडतो. पुढे वर्षभर सनस्क्रीन लावूनच होडीत चढ. तंबाखू निदान महिनाभर आधी सोड, तिने जखम भरायला वेळ लागतो. यात मी तुला सूट देणार नाही.

टाके पाच-सात दिवसांत निघतात. खरा त्रास त्यानंतर. वण लाल होतो, कडक होतो, ओठ वर ओढल्यासारखा दिसतो. दोन-तीन महिने हे असंच. मी तेव्हा आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता; वाटायचं, होतं तेच बरं होतं. मग तो हळूहळू मऊ पडला, फिकटला. पुरता बसायला वर्ष, कधी दीड वर्ष. डॉक्टर सांगतील तेव्हापासून बोटाने चोळत जा, सिलिकॉन जेल लाव. घरात कुणाचे वण गाठीसारखे वाढत असतील तर आधीच सांगून ठेव. वणावर मिशी उगवत नाही, पण बाजूचे केस बरंच झाकतात.

जायच्या आदल्या दिवशी ओटीवरच्या उजेडात एक फोटो काढ आणि माझ्याकडे दे. तिसऱ्या महिन्यात तू रडवेला होऊन येशील, तेव्हा मी तो काढून तुझ्यासमोर ठेवीन.

तुझा,
काका