रोटरी पॉलिशर प्रथमच हाती घेताना

रोटरी पॉलिशर, म्हणजे फिरत्या पॅडने गाडीचा रंग घासून चमकवणारे यंत्र, वापरायला शिकण्याचा आपला निर्णय चांगला आहे. मात्र पहिला सराव स्वतःच्या गाडीवर न करता भंगारातून आणलेल्या जुन्या बॉनेटवर करावा. हे यंत्र एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने ते क्षणभर एका जागी थांबले तरी उष्णता साचते आणि जेमतेम ४०-५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, जळू शकतो. म्हणून:

- पॅड सपाट टेकवूनच यंत्र सुरू करावे, वेग मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या आसपास ठेवावा आणि हात सतत सरकता ठेवावा.
- कडांवर रंग पातळ असतो. तेथे मास्किंग टेप लावावी.

सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर काम मुळीच करू नये. सकाळी, सावलीत आणि गाडी स्वच्छ धुतल्यावरच सुरुवात करावी, कारण पॅडखाली अडकलेली धूळ ओरखडे पाडते. लोकरी पॅड सध्या बाजूला ठेवावा; मऊ फोमचा पॅड पुरेसा आहे.