रायोलाइटी मॅग्मातील पाणी मोजण्यापूर्वी

ऑब्सिडियनमध्ये, म्हणजे सिलिकाने समृद्ध अशा रायोलाइटी मॅग्मापासून (वितळलेल्या खडकापासून) बनलेल्या नैसर्गिक काचेत, पाण्याचे प्रमाण वजनाने बहुधा १ टक्क्याहूनही कमी आढळते, परंतु त्यावरून उद्रेकापूर्वीचा मॅग्माही तितकाच कोरडा होता असा निष्कर्ष आपण काढू नये. वर येताना दाब उतरला की विरघळलेले पाणी वाफेच्या बुडबुड्यांतून निसटून जाते. मूळ प्रमाण हवे असल्यास क्वार्ट्झच्या स्फटिकांत अडकून काच झालेल्या मॅग्माच्या सूक्ष्म थेंबांकडे वळावे. कॅलिफोर्नियातील बिशप टफ या ज्वालामुखी राखेच्या खडकातील अशा थेंबांत पाणी वजनाने साधारण ४ ते ६ टक्के भरते. तडा गेलेले थेंब (त्यांतून पाणी निसटते) निर्दयपणे बाजूला काढावेत. शिवाय पाण्यातला हायड्रोजन अखंड क्वार्ट्झमधूनही झिरपतो (हे नवखे अभ्यासक हमखास विसरतात), त्यामुळे सावकाश थंड झालेल्या जाड थरांपेक्षा झटकन निवलेल्या प्युमिसमधील (बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेल्या ज्वालामुखी दगडातील) स्फटिक मला अधिक भरवशाचे वाटतात. प्युमिसची स्वतःची काच मात्र उद्रेकानंतर बाहेरचे पाणी शोषून घेते.