लॅपटॉपची डिस्क क्लोन करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

प्रश्न : दादा, अमळनेरला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, शाळेच्या प्रश्नपत्रिका सगळं एकाच लॅपटॉपवर चालतं. ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क आहे, आता विंडोज सुरू व्हायला खूप वेळ लागतो आणि मधेच कटकट आवाज येतो. दुकानदार म्हणे ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, घ्या अन् क्लोन मारा, बॅकअपपण होऊन जाईल. पण नेटवर ढीगभर सॉफ्टवेअर दिसतात, फुकट म्हणतात आणि शेवटच्या बटणाला पैसे मागतात. श्रीलिपी, कोरल, फॉण्ट सगळं नव्याने बसवणं मला जमणार नाही. कुठलं घेऊ?

उत्तर : ताई, सॉफ्टवेअरचं बघूच, पण आधी तो कटकट आवाज. अशी डिस्क कधी बसेल भरवसा नसतो, आणि क्लोन करताना, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवताना, तिच्यावरचा सगळा डेटा एका दमात वाचावा लागतो म्हणजे सगळ्यात जास्त ताण तेव्हाच येतो. म्हणून आज दुकान बंद करायच्या आधी कोरलच्या फाइली, फॉण्टचं फोल्डर, गिऱ्हाइकांचे फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या, क्लोन नंतर. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा. निळं 'गुड' दिसलं तर पुढे जा. पिवळं 'कॉशन' आलं आणि 'करंट पेंडिंग सेक्टर'च्या (वाचता न आलेल्या जागांच्या) आकड्यात शून्य सोडून काही दिसलं तर साधं क्लोन सॉफ्टवेअर बहुतेक त्याच खराब जागी अडकून बसेल. तिथे लिनक्सवरचं (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टिम) डीडीरेस्क्यू लागतं, ते आधी चांगला भाग उचलतं आणि खराब जागांकडे नंतर वळतं. ते मात्र जाणकाराकडूनच करून घ्या.

आता ४८० चं. तुमची डिस्क ५०० ची आणि नवी ४८० ची, विंडोजमध्ये हेच आकडे ४६५ आणि ४४७ असे दिसतात. डेटा दोनशेच जीबी असला तरी क्लोनझिला या फुकट क्लोन सॉफ्टवेअरला नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते, नाहीतर ते नेहमीच्या पद्धतीने काम करतच नाही. त्यामुळे ५०० किंवा ५१२ ची घ्या, डोक्याला ताप नको.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत सरळ आहे, आधी एसएसडी कुठल्या कंपनीची घेताय ते बघा. क्रुशल आणि वेस्टर्न डिजिटल त्यांच्या डिस्कसाठी अ‍ॅक्रॉनिस हे क्लोन सॉफ्टवेअर फुकट देतात, सॅमसंगचं स्वतःचं आहे पण ते फक्त सॅमसंगच्या डिस्कवरच क्लोन करतं. तुमच्यासाठी हाच सोपा रस्ता, विंडोजमधूनच होतं आणि पार्टिशन (डिस्कचे सी, डी असे भाग) लहानमोठं करायचं कामपण तेच करतं. दुसऱ्या कंपनीची डिस्क असेल तर क्लोनझिला, पूर्ण फुकट, पेन ड्राइव्हवरून चालतं, पण स्क्रीन निळीपांढरी आणि माउस नाही. माउसने करायचं असेल तर रेस्क्यूझिला घ्या. मॅक्रियम या क्लोन सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती अजून बरेच जण सुचवतात, तिचा सपोर्ट २०२४ च्या सुरुवातीलाच संपला, तिच्या मागे लागू नका.

क्लोनझिलात एकच जागा खरी धोक्याची. आधी ते सोर्स (जुनी डिस्क) विचारतं, मग टार्गेट (नवी), आणि समोर एसडीए, एसडीबी अशी नावं येतात. नावावर जाऊ नका. शेजारी डिस्कचं मॉडेल लिहिलेलं असतं, ते जुन्या डिस्कच्या लेबलवरून आधीच कागदावर उतरवून ठेवा आणि जुळवून बघा. उलटं झालं तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर चढते, मग काही करता येत नाही. ते दोनदा वाय दाबायला सांगतं, दोन्ही वेळा कागद बघूनच दाबा.

सुरू करायच्या आधी शिफ्ट दाबून शटडाउन करा, नाहीतर फास्ट स्टार्टअप या विंडोजच्या सोयीमुळे विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि क्लोनझिला तक्रार करतं. विंडोज ११ असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेपण बघा, असेल तर आधी बंद करा आणि रिकव्हरी की, म्हणजे त्या कुलपाचा आकडा, कागदावर लिहून घ्या. एसएसडी यूएसबी केबलने जोडाल ती निळ्या पोर्टला, जुन्या पोर्टला दोनशे जीबी जायला दीड तासाच्या वर लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पहाटेच उरका, दुपारी ४४-४५ डिग्रीत ती थकलेली डिस्क तापवण्यात अर्थ नाही. लाइटीचं तर तुम्हाला माहितीच आहे, लॅपटॉपची बॅटरी टिकत नसेल तर इन्व्हर्टरवर लावा. मधेच बंद पडलं तर घाबरू नका, जुन्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही, परत पहिल्यापासून करायचं.

झाल्यावर लॅपटॉप बंद करून नवी आत बसवा आणि पहिल्यांदा तिच्या एकटीवरच सुरू करा. एक पत्रिका उघडून फॉण्ट नीट दिसतात का, प्रिंट बरोबर येते का बघा. जुनी लगेच फॉरमॅट करू नका, काही आठवडे कपाटात राहू द्या.

आणि दुकानदार म्हणाले तसं याने बॅकअप होत नाही. क्लोन म्हणजे त्या दिवशीची डिस्क जशीच्या तशी, दुसऱ्या दिवशी केलेली पत्रिका त्यात नाही. कामाच्या फाइलींसाठी बाहेरची एक वेगळी डिस्क घ्या, विंडोजची फाइल हिस्ट्री तिच्यावर लावा, आणि पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे फाइलींच्या रूपात साठवलेली प्रत, महिन्यातून एकदा क्लोनझिला नाहीतर रेस्क्यूझिलाने घ्या, त्यात फक्त भरलेली जागा दाबून साठवतात म्हणून एका मोठ्या डिस्कवर बऱ्याच मावतात. इमेज झाली की ती इमेजची डिस्क काढून घरी ठेवा, लॅपटॉपला लावलेली ठेवली तर व्हायरस आला की दोन्ही जातात. लगीनसराई सुरू व्हायच्या आधी एवढं करून घ्या ताई, ऐन घाईत पत्रिकेची फाइल गेली तर गिऱ्हाईक थांबत नाही.