उघडल्यावर तापणारा मुरघास

प्रश्न : मक्याच्या मुरघासात (खड्ड्यात दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) मी मळी, मीठ, युरिया, कल्चर (आंबवणारे जिवाणू) असं सगळंच घातलं होतं. खड्डा उघडला तेव्हा वास छान आंबूस होता. पण चौथ्या दिवसापासून तोंडाकडचा थर गरम लागतो, पांढरी बुरशी धरते आणि गाई तो गव्हाणीत तसाच सोडतात. पुढच्या वेळी आणखी काय घालू?

उत्तर : ‘उघडला तेव्हा वास छान होता’ हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. म्हणजे मुरघास नीट आंबला होता. बिघडला तो हवा लागल्यावर. आत दबून राहिलेल्या यीस्टला हवा मिळाली की ते लॅक्टिक आम्लच खातं. चारच्या आसपास असलेला सामू (पीएच; आम्ल घटलं की हा आकडा वाढतो) चढतो, चारा तापतो आणि मग बुरशीला मोकळं रान मिळतं.

म्हणून मळी बंद करा. चिकातल्या मक्यात साखर मुळातच भरपूर असते, जास्तीची साखर यीस्टच्याच कामी येते. मळी लागते ती लसूणघासासारख्या कमी साखरेच्या चाऱ्याला. फिनलंडचे विर्तानेन चाऱ्यावर थेट आम्ल शिंपडत, तेही सामू पटकन उतरावा म्हणूनच; 1945 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मुख्यतः या चारा टिकवण्याच्या पद्धतीसाठी मिळालं. तुमची अडचण ती नाही. युरिया प्रथिनांसाठी घालत असाल तर टनाला 5 किलोच्या वर जाऊ नका. मिठाचा भरवसा धरू नका.

कल्चरच्या पाकिटावर जिवाणूचं नाव वाचा. प्लँटारम भराभर लॅक्टिक आम्ल करतो, पण यीस्टला ते रोखत नाही. तुम्हाला हवा बुचनेरी. तो लॅक्टिकचं काही अंशी अॅसेटिक आम्ल करतो आणि यीस्ट त्यानेच दबतं. मात्र त्याला दीड-दोन महिने द्यावे लागतात. तीन आठवड्यांत खड्डा उघडणार असाल तर पैसे वाया. क्लोरीनच्या पाण्यात तो कालवू नका, जिवाणू मरतात.

आता खरी गोष्ट. कुठल्याही खड्ड्यावर गेलो की मी आधी तोंडात हात खुपसून बघतो. नीट दाबलेल्या मुरघासात बोटंसुद्धा शिरत नाहीत, चारा उपटून काढावा लागतो. जिथे हात कोपरापर्यंत सहज गेला, तिथे हवा आधीच पोचलेली असते आणि आतली ऊब हाताला लागते. अशा खड्ड्याला कुठलंच कल्चर वाचवत नाही. कुट्टी (चाऱ्याचे तुकडे) एक-दोन सेंटिमीटरची ठेवा, वीतभराचा थर टाकला की लगेच तुडवा, मगच पुढचा थर. कल्चरआधी हे सुधारा, असं मी कळकळीने सांगतो.

चालू खड्ड्याचं काय? रोज संपूर्ण तोंडावरून निदान वीतभर थर सरळ कापून काढा, मध्येच भगदाड पाडू नका. बुरशी धरलेला चारा काढून फेका. गाभण गाईपुढे तर तो चुकूनही टाकू नका.