परवाना नाटकाचा नसतो, ठरलेल्या प्रयोगांचा असतो: 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' करू पाहणाऱ्यांसाठी

आपण लिहिले आहे की, अमेरिकेतील आपल्या गावच्या नाट्यसंस्थेने येत्या हंगामात 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' (अ‍ॅबी आणि मार्था या दोन प्रेमळ वृद्ध बहिणी एकाकी म्हाताऱ्यांना विष पाजतात, त्याचे विनोदी नाटक) करायचे ठरवले आहे, निर्मितीची व्यवस्था आपल्याकडे आली आहे, प्रयोगहक्कांचा अर्ज पाठवून तीन आठवडे उलटले तरी उत्तर आलेले नाही, आणि कार्यकारिणी मात्र हंगामाची माहितीपत्रिका छापून घेण्याची घाई करीत आहे. त्यानंतर अगदी शेवटी, सहज म्हणून, आपण एक वाक्य जोडले आहे: त्या बहिणींचा भाचा मॉर्टिमर याच्या भूमिकेसाठी एक व्यावसायिक नट पाहुणा म्हणून येण्याची शक्यता आहे. ते वाक्य वाचून मी हातातले काम बाजूला ठेवले, कारण सहा वर्षांपूर्वी याच नाटकाच्या वेळी, नेमक्या याच ठिकाणी, मी आमच्या संस्थेचे मोठे नुकसान केले होते.

आधीच सांगते की मी वकील नाही, आणि परवाना देणाऱ्या प्रत्येक संस्थेचे नियम थोडेफार वेगळे असतात, त्यामुळे आपल्या करारातील मजकूर हाच अंतिम मानावा. अर्ज कसा भरायचा, संहितेच्या प्रती कुठून मागवायच्या हे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. कोणी आपल्याला 'नाटक जुने आहे, हक्क कधीच संपले असतील' असे सांगत असेल, तर त्याकडे मात्र लक्ष देऊ नका. जोसेफ केसेलरिंग यांचे हे नाटक १० जानेवारी १९४१ रोजी न्यूयॉर्कच्या फुल्टन थिएटरात रंगमंचावर आले आणि त्याचे १४४४ प्रयोग झाले. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आणि हक्कांचे नूतनीकरण झालेल्या साहित्यकृतींना अमेरिकेत ९५ वर्षांचे संरक्षण आहे, म्हणजे २०३६ संपेपर्यंत परवान्यावाचून या नाटकाचा प्रयोग करता येणार नाही.

आता माझ्या चुकीविषयी. मी महाराष्ट्रात राज्य नाट्य स्पर्धेच्या वातावरणात वाढले. तिथे लेखकाचे परवानगीपत्र मिळाले आणि नाट्यसंहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र हातात आले की आमच्या दृष्टीने कागदोपत्री काम संपत असे. पुढे नट बदलला, तालमीची जागा बदलली, तरी त्या पत्राला कोणी हात लावत नसे. परवानगी त्या नाटकाची आहे, अशीच आमची समजूत होती. तीच समजूत घेऊन मी इथे आले. इथला परवाना हा नाटकाचा नसतो. तो अमुक प्रेक्षागृहातील, अमुक आसनसंख्येच्या, अमुक तारखांच्या, अमुक तिकीटदराच्या आणि अमुक दर्जाच्या नटसंचाच्या प्रयोगांचा असतो. यातली एक गोष्ट हलली की हातातला कागद दुसऱ्याच एखाद्या प्रयोगाचा ठरतो.

आमचा अर्ज हौशी संस्था म्हणून गेला होता आणि मंजूरही झाला होता. त्यानंतर दीड महिन्याने आमच्या दिग्दर्शकांना मॉर्टिमरचा खुनी भाऊ जोनाथन याच्या भूमिकेसाठी एक ज्येष्ठ नट मिळाले. ते अ‍ॅक्टर्स इक्विटी या १९१३ पासून चालत आलेल्या व्यावसायिक रंगकर्मींच्या संघटनेचे सभासद होते, त्यामुळे त्यांच्याशी पाहुण्या कलावंताचा रीतसर करार करणे भाग होते. आम्ही तो केला, त्यांच्या मानधनाची तजवीज केली, राहण्याची सोय केली. पण अर्जातील 'नटसंचात संघटनेचे व्यावसायिक सभासद आहेत काय' या प्रश्नाला आम्ही 'नाही' असे उत्तर दिलेले आहे, आणि ते आता खोटे झाले आहे, हे माझ्या ध्यानातच आले नाही. माझ्या मनात तो प्रश्न अर्जाच्या दिवसापुरता होता.

पुढे आसनसंख्येतील एका किरकोळ दुरुस्तीसाठी मी परवाना देणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहिले आणि त्यात मोठ्या आनंदाने त्या नटांचा उल्लेख केला. चार दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले: हौशी परवाना रद्द समजावा, व्यावसायिक परवान्यासाठी नव्याने अर्ज करावा. नवा अर्ज त्याच दिवशी केला. त्यानंतर जे घडले त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही, म्हणून त्या कार्यालयाचे नाव मी इथे मुद्दाम घेत नाही. दूरध्वनी केला की दर वेळी नवी व्यक्ती बोलायची आणि नवे उत्तर द्यायची. एकीने सांगितले की अर्ज पोहोचलाच नाही. दुसऱ्याने सांगितले की पोहोचला आहे, पण निर्णय वेगळ्या विभागाकडे आहे. त्या विभागाला दूरध्वनी नव्हता, फक्त ई-मेल होता, आणि त्या पत्त्यावरून 'आपला संदेश मिळाला' एवढेच यंत्राने लिहिलेले उत्तर येत असे. पाच आठवडे असे गेले. शेवटी कळले की गाडीने दोन तासांच्या अंतरावरील एका व्यावसायिक नाट्यसंस्थेने त्या हंगामासाठी हे नाटक आधीच घेतले होते, आणि तिच्या प्रयोगांना बाधा येऊ नये म्हणून आसपासच्या भागात दुसरा व्यावसायिक परवाना देता येणार नव्हता. ही अट मला आजही गैर वाटत नाही. मला राग आहे तो इतकाच की हे उत्तर पहिल्याच दिवशी त्यांच्या संगणकात उपलब्ध होते, आणि पाच आठवडे वाट पाहणाऱ्या संस्थेला ते एका वाक्यात सांगता आले असते. त्या पाच आठवड्यांत आम्ही नेपथ्यातला जिना बांधून पूर्ण केला होता.

माहितीपत्रिका तर त्याआधीच छापून आल्या होत्या. आमच्या कार्यालयातील लांब टेबलावर त्यांचे गठ्ठे होते, आणि मुखपृष्ठावर खिडकीखालच्या पेटीवर बसलेल्या दोन वृद्ध बहिणींचे चित्र होते. आमच्याकडे तिकीटखिडकी सांभाळणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. नव्या नाटकाचे नाव छापलेल्या चिकटपट्ट्या आल्यावर त्यांनी सलग तीन संध्याकाळी बसून प्रत्येक पत्रिकेवर एकेक पट्टी लावली. पट्टी अरुंद पडत असल्यामुळे जुन्या शीर्षकाचे शेवटचे अक्षर कडेने दिसत राही, तेव्हा त्या काळ्या पेनाने तेवढेच अक्षर झाकत असत. मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत. वर्गणीदारांपैकी काहींनी पैसे परत मागितले, काहींनी मागितले नाहीत, आणि संस्थेला ते वर्ष तोट्यात काढावे लागले.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की, स्वाक्षरी झालेला करार हाती येईपर्यंत नाटकाचे नाव कुठेही, अगदी संस्थेच्या फेसबुक पानावरसुद्धा, देऊ नये. कार्यकारिणीला घाई असेल तर पत्रिकेत त्या जागी 'एक अभिजात अमेरिकन विनोदी नाटक' असे छापावे. आमच्यातील अनेकांना हे अति वाटते, आणि दहापैकी नऊ वेळा परवाना सुरळीत मिळतोही, हे मी मान्य करते. तरीही पाहुण्या नटाचा विषय निघाला आहे तोवर आपण त्या नऊमध्ये आहात असे कृपया समजू नका. त्यांच्याशी करार होणार असेल तर तो होण्यापूर्वी परवाना देणाऱ्यांना लेखी कळवा, आणि उत्तर लेखीच घ्या. दूरध्वनीवर मिळालेल्या होकाराला काडीचीही किंमत नसते; बोलणे झाले असेल तर त्याच दिवशी 'आपले असे बोलणे झाले' असा ई-मेल पाठवून ठेवा.

आपल्या दिग्दर्शकांना टेडीचा, म्हणजे स्वतःला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट समजणाऱ्या मॉर्टिमरच्या भावाचा, भाग बदलायचा आहे, असेही आपण लिहिले आहे. आजच्या तरुण प्रेक्षकांना थिओडोर रूझवेल्ट कोण हे ठाऊक नाही, म्हणून टेडीने स्वतःला अलीकडचा एखादा राष्ट्राध्यक्ष समजावे, ही त्यांची सूचना मला समजते, परंतु ती करू नये. एक तर लेखी संमतीवाचून संहितेतील एक शब्दही बदलण्याची मुभा करारात सहसा नसते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे अख्खे नाटक त्या माणसावर उभे आहे. टेडी जिन्यावरून धावत जातो ती रूझवेल्ट यांची १८९८ मधील सॅन हुआन टेकडीवरची चढाई असते. तो तळघरात खणतो तो रूझवेल्ट यांनी हाती घेतलेला पनामा कालवा असतो. आणि म्हणूनच दोन्ही आत्यांना पाहुण्यांचे मृतदेह पिवळ्या तापाचे बळी म्हणून त्याच्या स्वाधीन करता येतात. राष्ट्राध्यक्ष बदलला तर तळघरातील खड्ड्यांना कारणच उरत नाही. त्याऐवजी कार्यक्रमपत्रिकेत चार ओळींची टीप द्या. पुढे आम्ही हे नाटक केले तेव्हा दिली होती, आणि मध्यंतरापूर्वीच लोक ती वाचून एकमेकांना सांगताना दिसत होते.

दोन वर्षांनी, सगळ्या भूमिका गावातल्याच नटांकडे ठेवून, आम्ही हे नाटक अखेर केले. त्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी सांगते, कारण आपला प्रश्न हक्कांचा असला तरी आज ना उद्या त्या आपल्यासमोर येतीलच. जिना तालमीच्या दुसऱ्या आठवड्यातच उभा करा. टेडीला तो पूर्ण वेगाने चढायचा असतो, आणि दोन पायऱ्यांच्या उंचीत अर्ध्या इंचाचा जरी फरक पडला तरी धावणारा पाय नेमका तिथेच अडतो. आमच्या जिन्याची सहावी पायरी अशीच होती. नुसते चालताना ते कोणालाच जाणवले नव्हते. शिवाय या नाटकात दारे सतत आपटली जातात, आणि दरवेळी या बहिणींच्या ब्रूस्टर घराण्याची भक्कम भिंत कापडासारखी हलली तर प्रेक्षकांचा विश्वास उडतो, तेव्हा मागच्या टेकूंवर काटकसर करू नका.

अंधारातला प्रसंग, म्हणजे जोनाथन आणि त्याचा साथीदार डॉक्टर आइन्स्टाइन खिडकीतून मृतदेह आत आणतात तो, अंधारात करायचा नसतो, हे आम्हाला रंगीत तालमीत कळले. प्रेक्षकांना आकृत्या दिसल्याच पाहिजेत. खिडकीबाहेरून येणारा फिकट निळा चंद्रप्रकाश आणि पायऱ्यांच्या कडेला अंधारात चमकणारी पट्टी, एवढ्यावर आमचे भागले. एल्डरबेरीच्या वाइनसाठी द्राक्षाचा रस वापरू नका. पहिल्याच प्रयोगात तो मार्थाच्या लेसच्या गळपट्टीवर सांडला आणि डाग शेवटच्या प्रयोगापर्यंत राहिला. फिकट कोरा चहा बिनसाखरेचा करून त्यात बीटाच्या रसाचे दोन-तीन थेंब टाकले की प्रकाशात रंग हुबेहूब दिसतो, आणि रंगमंचही चिकट होत नाही.

अभिनयाबाबत माझे मत दिग्दर्शकांना आगाऊपणाचे वाटू शकेल, तरी लिहिते. अ‍ॅबी आणि मार्था यांनी क्षणभरही विनोदी होऊ नये. एकाकी म्हाताऱ्या पुरुषांना सोमल घातलेली वाइन पाजणे हे त्यांच्या लेखी दानधर्माचे काम आहे. आजारी शेजाऱ्यांसाठी सूप पाठवणाऱ्या, चर्चच्या कामात हयात घालवलेल्या या बायका आहेत. आमच्या अ‍ॅबीने, मॉर्टिमरला खिडकीखालच्या पेटीतील मृतदेहाविषयी समजावताना, टेबलावरील कापडाची घडी नीट करीत तो संवाद म्हटला होता, जणू भाचा उगाच आरडाओरडा करतो आहे आणि घरात आवरायचे अजून बरेच बाकी आहे. प्रेक्षागृहात त्या आठवड्यातले सर्वांत मोठे हसू तिथे उसळले. मॉर्टिमरने मात्र ते हसू ओसरण्याआधी पुढचे वाक्य सुरू करू नये. तालमीत हसणारे कोणी नसते, त्यामुळे थांबण्याची सवय लागत नाही. शेवटच्या आठवड्यात वीस-पंचवीस माणसे बोलावून बसवा.

ब्रॉडवेवरील मूळ प्रयोगांत अखेरच्या अभिवादनाला तळघरातून बारा वृद्ध गृहस्थ, म्हणजे तिथे पुरलेले बळी, वर येऊन वाकून नमस्कार करीत असत. आम्हालाही ते करायचे होते. त्यासाठी मी आधी पत्र लिहून विचारले, संमती आली, ती छापून फाइलमध्ये लावली, आणि मगच गावातील बारा ज्येष्ठांना बोलावले. तिकीटखिडकीवरच्या त्या शिक्षिकांचे यजमान त्यांतले सातवे होते.

आपण पाहुण्या नटाशी एकदा स्पष्ट बोलून घ्या: ते संघटनेचे सभासद आहेत काय, आणि असल्यास कोणत्या प्रकारच्या कराराने येणार आहेत. तोवर छापखान्याला थांबायला सांगा. त्यांचे उत्तर इथे कळवलेत, तर परवाना देणाऱ्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा करायला मी मदत करीन. माझ्याकडे त्या वेळचा सगळा पत्रव्यवहार अजून जपून ठेवलेला आहे.