मिरर बदलून उपयोग नाही, आधी तारीख पाहा

प्रश्न : जुन्या संगणकावर नेटवर्कवरून डेबियन (लिनक्सवर आधारलेली मोफत कार्यप्रणाली) टाकतोय. आयपी पत्ता (नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक) मिळतो, पण एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीचा मिरर (डेबियनच्या फायली पुरवणारा सर्व्हर) निवडला की ‘बॅड आर्काइव्ह मिरर’ असा त्रुटीसंदेश येतो. केबल खराब असेल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आयपी मिळाला म्हणजे केबलवर संशय नको. बायोसमधली (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधली) तारीख पाहा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि मिररचं सुरक्षा प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारं) ‘अजून लागू नाही’ म्हणून नाकारलं जातं. इन्स्टॉलर इंटरनेटवरून वेळ जुळवतो खरा, पण मिररनंतर! तारीख भरा, सेव्ह करा, प्लग न काढता पुन्हा सुरू करा. ३ व्होल्टचा नवा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. बसवताना ‘+’ खुणेची बाजू वर. तरीही अडलं, तर ऑल्ट-एफ४ दाबून इन्स्टॉलरच्या नोंदी वाचा. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर डेबियन १२च घ्या. १३मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही.