परवाना न घेता गेम कन्सोलची ॲक्सेसरी विकली तर कन्सोल बनवणारी कंपनी कोर्टात जिंकतेच का?

नाही. उलटं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला गेम जीनीचा खटला.

१९९० च्या सुमारास गालूब ही खेळणी कंपनी गेम जीनी हे उपकरण निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलसाठी विकायला निघाली. गेमची कार्ट्रिज त्यात खोचायची, मग ते कन्सोलमध्ये सरकवायचं आणि सुरुवातीच्या स्क्रीनवर कोड टाकायचा. कार्ट्रिजकडून कन्सोलकडे जाणारा एखादा आकडा ते वाटेतच अडवून बदली आकडा पुढे ढकलायचं. झालं, खेळाडूला जादा जीव! कार्ट्रिजला मात्र ओरखडासुद्धा नाही. वीज बंद केली की सगळं पूर्ववत.

निन्टेन्डोचं म्हणणं, हा आमच्या गेमवरून बनवलेला नवा गेम आहे, म्हणजे कॉपीराइटचा भंग. तात्पुरती मनाई मिळालीही, विक्री वर्षभर अडली. पण शेवटी खालच्या कोर्टाने आणि १९९२ मध्ये अपील कोर्टानेही गालूबचीच बाजू घेतली: बदल कुठेही कायमचा नोंदला जात नाही, आणि विकत घेतलेला गेम घरी कसा खेळायचा हे गिऱ्हाईक ठरवेल. वर मनाईसाठी ठेवलेली दीड कोटी डॉलरची हमीची रक्कम निन्टेन्डोला गालूबला द्यावी लागली. चांगलंच अंगलट आलं म्हणायचं.

पण म्हणून काहीही चालतं असं नाही. निन्टेन्डोच्या लॉकआउट चिपला (परवाना नसलेले गेम कन्सोलवर चालू न देणाऱ्या चिपला) चकवणाऱ्या कार्ट्रिज बनवताना अटारीने तिचा कोड कॉपीराइट कार्यालयातून खोटं कारण सांगून मिळवला होता. तिथे १९९२ मध्येच कोर्टाने अटारीला झापलं.